दर्जा निकृष्ट

माझी चार बोटं ड्रॉवरमध्ये होती तेव्हा तात्यांनी तो ढकलला.

हळू नाही. दोन्ही तळवे लावून, अंगाचा भार टाकून. जुनं सागवान. माझा हात आत आहे हे त्यांना दिसत होतं. ते माझ्या हाताकडेच बघत होते. ढकलला, आणि तसाच दाबून धरला. मग म्हणाले,

"आता काढ हात."

मी काढला. मधल्या बोटाचं नख आतच राहिलं. शेजारचं बोट पेराशी वाकडं झालं होतं. रक्त आधी आलं नाही, मग एकदम आलं. कार्डांवर, फरशीवर, माझ्या साडीच्या निऱ्यांवर. टाइपिंग करणाऱ्या मीनाबेन खुर्ची पाडून उठल्या.

"अरे तात्या, आ शुं कर्युं! लोही नीकळे छे!"

तात्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातासोबत फाटून बाहेर आलेलं एक कार्ड त्याच्या टोकानं वर उचललं. हात लावला नाही त्याला. ते कार्ड माझ्या मायचं होतं.

हे कुठं झालं ते सांगते. बडोद्यात, दांडिया बाजारात, एका जुन्या मराठी संस्थेच्या ध्वनिसंग्रहात. संस्थेचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, ती एक संस्था वाईट होती, बाकीच्या बऱ्या.

मी रेल्वेच्या खलाशाची मुलगी. बा भुसावळकडून नोकरीसाठी इकडे आला. रुळाला लागून आमची वस्ती, सगळी आमच्याच लोकांची. या शहरात आमच्यातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नव्हती आणि कचेरीतला शिपाई त्याच्या टेबलावर लांबून फायली फेकायचा, ही गोष्ट वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. बा ती सांगून झाली की म्हणायचा, "फेकलेली फाईल उचलायची. वाचायची. मग बोलायचं." मी वाचत गेले. ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिली. वर्गात दुसरी आले.

गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या तेव्हाचे दिवस. संस्थेला एक संगणक मिळाला होता. संग्रहातली सगळी कार्डं त्यात भरायची, म्हणजे कुणीही यावं, दोन शब्द टाइप करावेत आणि हवी ती टेप सापडावी. त्यांना शिकलेलं माणूस हवं होतं. मला घेतलं. तात्या संग्रहाचे प्रमुख. संस्थानी काळातल्या मोठ्या अंमलदाराच्या घराण्यातले. पांढरा सदरा, बोलणं मऊ. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग बा काय करतो ते विचारलं. तिन्ही उत्तरं ऐकून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी एक स्टीलचा कप आला. बाकीच्यांचे चिनी मातीचे कप कपाटात असत. माझा मोरीजवळच्या खिळ्याला. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. याची मला अजून लाज वाटते. दोन वर्षं मी त्या कपातून चहा प्यायले.

काम मात्र मला आवडायचं. खोटं का बोलू?

कार्डांचं कपाट भिंतभर होतं. प्रत्येक ड्रॉवरमध्ये खालून एक पितळी सळई जायची. प्रत्येक कार्डाला तळाशी भोक, त्या भोकातून सळई. सळईत ओवलेलं कार्ड कुणी सहज उपटून नेऊ शकत नाही. आणि कपाटाच्या दारावर तात्यांच्या सुंदर अक्षरात नियम चिकटवलेला होता : ज्या टेपचे कार्ड आहे ती टेप पुसू नये.

कार्डं वाचताना मी हरखून जायचे. एकेका गवयाचं घराणं, गुरू, राग, साथीला कोण, बैठक कुणाच्या दिवाणखान्यात झाली, सगळं. एका बाईंच्या कार्डावर तर त्या दिवशी त्यांना पडसं होतं हेसुद्धा लिहिलेलं. पण शोधायचं कसं? आडनाव माहीत असेल तरच. मी म्हटलं, गाण्याच्या पहिल्या ओळीवरून सापडायला हवं, गावावरून, वाद्यावरून. तात्यांना पटलं. "डोकं आहे हं तुला," असं चारचौघांत म्हणाले. मी त्या दिवशी घरी चालत नाही, उडत गेले.

मग खालच्या फळीवर मला बुटाचा खोका सापडला.

त्यावर लिहिलं होतं : किरकोळ. आत चिठ्ठ्या, रबर लावलेल्या. भोक नाही, सळई नाही. म्हणजे तालिकेत नाही. सदतीस रिळांच्या सदतीस चिठ्ठ्या. मी पहिली वाचली.

"बाई. रेल्वे वस्ती. जात म. जात्यावरच्या ओव्या. आवाज दबका. दर्जा निकृष्ट."

दुसरी. "म्हातारा. रेल्वे वस्ती. जात म. हलगी व गाणे. आवाज दबका. दर्जा निकृष्ट."

तिसरीही तशीच. एकावरही नाव नाही. पडसं झालेल्या बाईचं पडसं लिहायला जागा होती. आमच्या माणसांचं नाव लिहायला नव्हती. जात लिहायला होती.

मी पहिलं रीळ मशीनवर चढवलं, हेडफोन लावला. खरखर. मग लांबून गाडीचा आवाज. मग एक बाई गायला लागली.

कोळसा येचू येचू काळी झाली माझी बोटं
शाईनं काळी व्हऊ दे माझ्या लेकीची ग बोटं

मी हेडफोन काढून फेकला. परत घातला. माझी माय मी नऊ वर्षांची असताना गेली. तिचा फोटो नाही. तिचा आवाज मला आठवतो असं मी लोकांना सांगायचे, पण ते खरं नव्हतं. आठवत नव्हता. आता कानात होता. मी तोंडात पदर कोंबून रडले, कारण बाहेर तात्या होते.

आणि मग मला तो दिवस आठवला. सगळाच.

मी सहा वर्षांची असेन. वस्तीत एक प्रोफेसर आले होते मोठं मशीन घेऊन. दोन चाकं गरगर फिरायची. त्यांच्यासाठी कुणी तरी खुर्ची आणली. माय खाली ओट्यावर. त्यांनी माईक काढला, खिशातला पांढरा रुमाल काढला, चार घड्या घालून माईकभोवती गुंडाळला, वर दोरा बांधला. मग माईक तिच्या पुढे सरकवला. म्हणाले,

"बाई, तोंड लांब धर. थुंकी उडते."

माय हसली. मागे सरकून बसली आणि गायली. त्यानंतर वस्तीतले सगळे त्या एकाच रुमालात गायले. जाताना प्रोफेसरांनी दोरा सोडला, रुमाल चिमटीत धरला आणि मायला म्हणाले, "हा तूच ठेव." माय किती खूश झाली! धुतला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. मी शाळेत जायला लागले तेव्हा तोच रुमाल पिन लावून माझ्या फ्रॉकवर टोचला. वर्षभर मी तो छातीवर मिरवला. साहेबानं दिलेला रुमाल, असं मी पोरींना सांगायचे.

आवाज दबका. दर्जा निकृष्ट.

मी कपाटातून त्याच आठवड्यातली दुसरी रिळं काढली. तेच प्रोफेसर, तेच मशीन, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एका घरातली आरत्या म्हणणारी बाई. आवाज लख्ख. बांगडी वाजली तरी ऐकू येते. मी दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकली. बोळा यांनी कोंबला आणि शेरा आमच्या गळ्यावर मारला. मला तिथेच काहीतरी फोडावंसं वाटलं. फोडलं नाही. मला वाटलं, शिकलेल्या माणसानं आधी समजावून सांगावं.

मी तात्यांना सांगितलं. रुमालाचं सांगितलं, मायचंही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"रुमाल होता म्हणून तर आवाज घेतला गेला. नाहीतर तुमच्याकडे कोण येणार होतं?"

आणि लगेच पुढे, चहा सांगावा तसं, "बरं झालं तो खोका काढलास. ती रिळं पुसायची आहेत. वार्षिक समारंभाची भाषणं घ्यायला रिकामी टेप हवी."

"तात्या, त्यात माझी माय आहे."

"ओव्या शोधत इथे कोण येतं गं? उगाच जागा अडते."

टेबलावर टेप पुसायचं यंत्र आणून ठेवलं होतं. इस्त्रीसारखं जड, वर मूठ. रिळावरून दोनदा फिरवलं की संपलं. तात्या म्हणाले, सोमवारी पुसू. तो शुक्रवार होता.

कपाटावरचा नियम मी रोज वाचत होते. ज्या टेपचे कार्ड आहे ती टेप पुसू नये. मग कार्ड करायचं. कार्ड करणं हेच माझं काम होतं.

सगळ्या चिठ्ठ्या वहीत उतरवून मी वही घरी नेली. बा निवृत्त झाला होता, डोळे अधू. मी एकेक चिठ्ठी वाचायची आणि बा नाव सांगायचा.

"हलगीवाला म्हातारा? तो कोन, भागाजी. त्याच्या हाताला सा बोटं व्हती."

"पाळणा म्हणणारी, सोबत लहान मूल रडतं."

"ती शेवंता. पोरगं गेलं तिचं फुडच्या मह्यन्यात."

शनिवार, रविवार मी वस्तीत दारोदार हिंडले. सदतीसपैकी चौतीस नावं मिळाली. तिघांची कुणालाच आठवेनात. त्या तिघांसाठी बा रात्री जेवला नाही.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी कुलूप उघडून आत गेले. कार्डं लिहिली. नाव, गाव, काम, कुणाकडून गाणं शिकलं. तिघांच्या कार्डांवर लिहिलं : नाव विचारले नाही. आणि प्रत्येक कार्डावर शेवटची ओळ : ध्वनिमुद्रण करणाऱ्याने माईकला रुमाल बांधल्याने आवाज दबलेला. भोकं पाडली. ड्रॉवर उघडून, सळई काढून, प्रत्येक कार्ड आपल्या जागी घातलं. गवयांच्या मध्ये.

मायचं नाव तानाबाई सोनवणे. तिचं कार्ड जिथे बसलं त्याच्या लगेच मागचं कार्ड तात्यांच्या सख्ख्या आत्याचं होतं. त्या रेडिओवर गायच्या, घरात त्यांची तसबीर होती. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. ते मी केलं नाही. बाराखडीनं केलं.

तात्या अकराला आले. यंत्राची वायर लावली. पहिलं रीळ मागितलं. मी म्हटलं, "पुसता येणार नाही तात्या. कार्ड आहे."

त्यांनी ड्रॉवर ओढला. चाळला. थांबले. त्यांच्या मानेची शीर वर आलेली मला दिसली. मऊ आवाज गेला.

"माझ्या आत्याच्या पाठीला पाठ लावून कुणाला बसवलंस?"

"माझ्या मायला."

"काढ ते."

"नाही काढणार."

ते स्वतः सळई ओढायला गेले. मी कार्ड धरायला ड्रॉवरमध्ये हात घातला. आणि मग त्यांनी ढकलला.

आता हात काढ म्हणाले तिथपर्यंत मी सांगितलंच आहे. पेनच्या टोकावर मायचं रक्ताळलेलं कार्ड धरून तात्या मीनाबेनना म्हणाले, "फेनाइल मंगावो. अने आ बधां कार्ड बाळी नाखो." जाळून टाका सगळी. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या क्षणी माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी दोन वर्षं खिळ्यावरच्या कपातून चहा प्यायले होते. मी रुमाल मिरवला होता. आधी समजावून सांगितलं होतं, मग नियमानं वागले होते. आता सांगायचं काही शिल्लक नव्हतं.

डाव्या हातानं मी ड्रॉवर ओढला तो सगळा बाहेर आला, माझ्या पायावर पडला. मी पितळी सळई उपसली. तात्या मागे सरकले. भिंतीला टेकले. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. त्यांचं तोंड फोडायचं होतं मला. सळई वर गेलीही होती. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि त्या हातांची बोटं मला दिसली, गोरी, म्हातारी. सळई मी टेबलावर मारली. काच फुटली. काचेखाली लावलेले संस्थेच्या समारंभांचे फोटो काचेच्या चुऱ्यात गेले. परत मारली. परत. मग सळई टाकून मी पुसायचं यंत्र उचललं. वायर तटकन तुटली. गॅलरीत गेले आणि खाली चौकात फेकलं.

खाली कुणी आहे का, ते मी बघितलं नाही. आज विचार केला की अंगावर काटा येतो. कुणी नव्हतं. यंत्र फरशीवर पडून दोन तुकडे झालं. आवाजानं सगळा दांडिया बाजार वर बघायला लागला.

मी गॅलरीतून ओरडले. मला शब्द आठवत नाहीत. मीनाबेन म्हणतात, मी चौतीस नावं ओरडले.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. चौकीत तक्रार माझ्यावर झाली, संस्थेच्या वस्तूची मोडतोड केल्याची. मी मोडलेली बोटं दाखवली. जमादार म्हणाला, "ड्रॉवर तर लागतोच कधी कधी." मीनाबेननी खरं ते लिहून दिलं, म्हणून मी सुटले. नोकरी गेली. मधल्या बोटाशेजारचं बोट कायमचं वाकडं राहिलं. बा त्या बोटाला रोज तेल लावायचा. एकदाच म्हणाला, "फेकलेली फाईल उचलायची म्हनलो व्हतो मी. चुकलं माझं. फेकनाऱ्याचा हात धराया पाह्यजे."

यंत्र मोडलं तरी टेप पुसता येते. वरून दुसरं रेकॉर्ड केलं की झालं. मी केलेली कार्डं त्यांनी जाळली आणि त्या वर्षी अकरा रिळांवर समारंभाची भाषणं घेतली. मायचं रीळ त्यात होतं. बा पुढच्या वर्षी गेला. त्यानं ती ओवी पुन्हा ऐकलीच नाही. मी त्याला ऐकवू शकले असते, त्या शुक्रवारी रीळ पिशवीत घालून घरी नेलं असतं तर. चोरी होते म्हणून नेलं नाही. असा प्रामाणिकपणा मी परत कधी करणार नाही.

मला दुसरीकडे काम मिळालं, शहराच्याच वासणा भागातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात. वर्षं गेली. सीडी आल्या. संस्थेनं सगळा संग्रह संगणकावर आणला, उद्घाटन केलं, पेपरात फोटो आला. फोटोत तात्या, आता विश्वस्त. दांडिया बाजारात एकदा समोर आले आणि हसून म्हणाले, "काय गं, हात बरा ना?" मी वाकडं बोट त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि ते बाजूला होईपर्यंत खाली घेतलं नाही.

मागच्या महिन्यात मीनाबेनचा फोन आला. त्या अजून तिथेच आहेत, जुनी रिळं ऐकून सीडी करतात. रडत होत्या.

"तारी मम्मी हजी छे, टेपना छेडे."

माझी माय अजून आहे, टेपच्या शेवटाला. मी धावत गेले. तात्यांचंच भाषण, आपल्या थोर परंपरेबद्दल. चाळीस मिनिटं. मग टाळ्या. मग रेकॉर्डिंग संपलं, पण टेप उरली होती. खरखर, लांबून गाडी, आणि माय. तीच ओवी, शेवटी पुन्हा म्हटलेली, अर्धीच.

...माझ्या लेकीची ग बोटं

मी संगणकावर बसले. शोधाच्या चौकटीत लिहिलं : तानाबाई सोनवणे. उत्तर आलं, एकही नोंद सापडली नाही. मग तात्यांचं नाव लिहिलं. लगेच सापडलं. तारीख, विषय, कालावधी, दर्जा उत्तम. आणि खाली शेरा : शेवटी थोडा गोंगाट.

गोंगाट.

मी दुरुस्तीचा अर्ज दिला. नवे प्रमुख तरुण आहेत, शिकलेले. खुर्ची दिली, चिनी मातीच्या कपात चहा दिला. म्हणाले, "ताई, समितीपुढे ठेवतो. विचार करू."

मी चहाला हात लावला नाही. मी विचार करायला सांगायला आलेच नव्हते.

त्यांचा अजून एक नियम आहे, मला पाठ आहे. वाचकानं मागणीची चिठ्ठी भरून दिली की ती रजिस्टरमध्ये चढवावीच लागते, आणि वस्तू मिळाली नाही तर "सापडले नाही" असं लिहून खाली सही करावी लागते. गेल्या सोमवारी मी मायच्या नावाची चिठ्ठी भरली. त्यांनी सही केली. या सोमवारी भागाजीचा नातू येतोय माझ्यासोबत. शेवंताची बहीण येतेय, काठी टेकत. चौतीस घरं मी पुन्हा हिंडले आहे. दर सोमवारी सगळे जाणार, सगळे भरणार. त्यांनी आपल्या हातानं, आपल्या रजिस्टरमध्ये, आमचं एकेक नाव लिहायचं आणि खाली सही करायची की आम्ही याला हरवलं. रजिस्टर भरलं की नवं आणायला लावू. नोंद होईपर्यंत. गोंगाट हा शब्द खोडून तिथे माझ्या मायचं नाव येईपर्यंत.

ते जुनं कपाट अजून तिथेच आहे, पॉलिश करून, पाहुण्यांना दाखवायला. मी परवा तो ड्रॉवर उघडून ठेवून आले. कुणीतरी बंद करेल, मी सोमवारी परत उघडीन. आणि कुणी ढकललाच, तर या वेळी आत बोटं माझी नसतील.